जपानला मुलांकडे जाताय? गरम पाण्याच्या झऱ्यावर जाण्याआधी हे वाचा

मुलगा किंवा मुलगी जपानमध्ये नोकरीला आणि आई-बाबा पहिल्यांदाच तिकडे निघालेले, असं आता बेळगाव-पणजीपासून इंदूर-वडोदऱ्यापर्यंतच्या मराठी घरांत घडू लागलंय. अशा वेळी एखादा शनिवार-रविवार 'ओन्सेन'ला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावर जायचा बेत हमखास ठरतो. बेत चांगलाच आहे. पण तिथली रीत आणि आपली तब्येत, या दोन गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात.

ओन्सेन म्हणजे काय?

जपान ज्वालामुखींचा देश असल्याने गरम झरे जागोजागी आहेत. तिथल्या १९४८ च्या कायद्यानुसार उगमापाशी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असलेलं, नाहीतर ठरावीक खनिजं असलेलं पाणीच ओन्सेन ठरतं. टोकियोतून हाकोने सोयीचं, शिंजुकूहून थेट रेल्वेने साधारण दीड तास. ओसाका-कोबेकडे मुलं असतील तर आरिमा, क्यूशू बेटावर असतील तर बेप्पू.

कपडे घालून उतरता येत नाही

आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा राजापूरजवळच्या उन्हाळ्याच्या कुंडावर अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान होतं. ओन्सेनमध्ये तसं चालत नाही. पोहण्याचा पोशाखही सहसा चालत नाही. पुरुष आणि बायकांचे भाग वेगळे असतात, पण आत सगळेच विवस्त्र. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, मगच कुंडात उतरायचं. हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही आणि केस वर बांधायचे.

सासू-सुनेने किंवा बाप-लेकाने असं एकत्र बसणं आपल्याला अवघड वाटणारच. त्यासाठी दोन चांगले मार्ग आहेत.

पहिला, 'काशिकिरी', म्हणजे तासाभरासाठी फक्त आपल्या कुटुंबापुरतं राखून ठेवलेलं कुंड. आई-बाबा दोघंच जाऊ शकतात, किंवा नातवंडं आणि आजी. काही ठिकाणी खोलीलाच जोडून कुंड असतं. खर्च जास्त येतो, पण संकोच राहत नाही.

दुसरा, 'आशियू', म्हणजे फक्त पाय सोडून बसायचं कुंड. साडी गुडघ्यापर्यंत सावरली की झालं. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एका बाकावर, गप्पा मारत. अनेक ओन्सेन गावांत हे फुकट असतं.

तब्येतीचं काय?

कुंडातलं पाणी बहुधा ४० ते ४२ अंश असतं. थंडीत गार खोलीत कपडे उतरवून एकदम गरम पाण्यात शिरलं की रक्तदाब झपाट्याने वर-खाली होतो. जपानी लोक याला 'हीट शॉक' म्हणतात. हिवाळ्यात तिथले वृद्ध आंघोळीच्या वेळी दगावण्याचं हे एक कारण मानलं जातं. म्हणून:

- बीपी, हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.
- आधी हातापायांवर पाणी घ्या, मग हळूहळू उतरा. पहिल्यांदा पाच-दहा मिनिटं पुरेत.
- बाहेर येताना झटकन उभं राहू नका, चक्कर येते. आधी आणि नंतर पाणी प्या.
- भरपेट जेवून किंवा दारू घेऊन जाऊ नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटीही जाऊ नये.
- मधुमेहामुळे पायांना संवेदना कमी असेल तर पाणी किती गरम आहे ते घरच्या माणसाला आधी बघू द्या.
- वयस्कर माणसाला एकट्याने आत पाठवू नका.

कोणत्या आजारात उतरू नये, याचा फलक ओन्सेनमध्ये लावणं कायद्याने बंधनकारक आहे. तो बहुतेक वेळा जपानीत असतो, तेव्हा तो वाचून सांगायची जबाबदारी पोरांची.

दागिने, जेवण आणि छोट्या गोष्टी

गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण काढूनच जा. गोंदण असेल तर काही ठिकाणी प्रवेश मिळत नाही, त्यामुळे हातावर गोंदलेल्या आजींसाठी आधीच विचारून ठेवा. साधारण सात वर्षांच्या पुढच्या नातवाला बायकांच्या भागात नेता येत नाही.

पारंपरिक मुक्कामाच्या जागेला 'र्योकान' म्हणतात. तिथे बहुतेकदा जेवणही मिळतं, पण साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच स्पष्ट सांगायला हवं, ऐनवेळी बदल होत नाही. मुक्कामात घालायला 'युकाता' नावाचा सुती झगा देतात. त्याची डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर फक्त मृताला नेसवताना घेतात.

व्हिसा कुठून?

अर्ज राहत्या पत्त्याप्रमाणे जातो. बेळगावकरांचा बेंगळुरूच्या जपानी वकिलातीकडे, तर शेजारच्या चंदगडकरांचा आणि गोवेकरांचा मुंबईकडे. मुलांनी तिकडून आमंत्रणपत्र आणि आपल्या रहिवासाचा दाखला पाठवावा लागतो. खर्च ते करणार असतील तर हमीपत्रही लागतं. नात्याचा पुरावा द्यावा लागतो. सीमाभागात एकाच माणसाचं नाव एका कागदावर कन्नड वळणाने तर दुसऱ्यावर मराठी वळणाने लिहिलेलं सापडतं. पासपोर्ट आणि जन्मदाखल्यातली नावं जुळतात का, ते तिकीट काढण्याआधी तपासा.

आणि पोरांनो, बुकिंग करण्याआधी आई-बाबांना हे सगळं मोकळेपणाने सांगा. काही आई-बाबा हौसेने कुंडात उतरतील, काही नुसते पाय सोडून बसतील. त्यांना काय आवडेल ते त्यांनाच ठरवू द्या.