अकाउंटन्सी बोर्डाचं पत्र आलं, तर?

कॅलिफोर्नियात सीपीए असलेल्या एका मित्राचा मध्यंतरी रात्री फोन आला. "अरे, बोर्डाचं पत्र आलंय. जुन्या क्लायंटने तक्रार केलीय. हे काय पोलीस आहेत का? नाही दिले कागद, तर काय करतील?"

पोलीस नाहीत. पण पत्र ड्रॉवरमध्ये टाकून विसरण्यासारखंही नाही.

भारतात सीएंची संस्था देशभर एकच. अमेरिकेत सीपीएचा परवाना राज्य देतं. न्यू यॉर्कने 1896 मध्ये पहिला कायदा केला. आज 50 राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि चार प्रदेश मिळून अशी 55 बोर्डं आहेत. परवाना देणारं बोर्डच तक्रारींचा तपास करतं.

सुरुवात साध्या पत्राने होते. कॅलिफोर्नियात त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मूळ तक्रारीत काही तथ्य नसलं, तरी उत्तर न देणं हा वेगळा नियमभंग ठरतो. इथेच बरेच जण फसतात.

पुढची पायरी सबपीना, म्हणजे हजर राहण्याचा किंवा कागद सादर करण्याचा हुकूम. 'क्लायंटची माहिती गुप्त आहे' ही सबब सहसा चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या गोपनीयतेच्या नियमातच सबपीनाचा अपवाद आहे. पण बोर्ड स्वतः कुणाला तुरुंगात टाकू शकत नाही. हुकूम मोडला, तर ते कोर्टात जातं. कोर्टाने आदेश दिल्यावरही ऐकलं नाही, तर तो कोर्टाचा अवमान.

अशा वेळी कोर्ट काय बघतं? 1950 च्या मॉर्टन सॉल्ट खटल्यात सुप्रीम कोर्टाने केंद्रीय व्यापार आयोगाबद्दल तीन कसोट्या सांगितल्या, आणि राज्यांतली कोर्टंही साधारण याच धर्तीवर विचार करतात. चौकशी अधिकाराच्या कक्षेत आहे का? मागणी नेमकी आहे का? मागितलेले कागद विषयाशी संबंधित आहेत का? गुन्ह्याचा पुरावा आधी हातात असावा लागत नाही, शंका पुरते.

एवढी सत्ता कशाला? कारण ऑडिट नीट झालं की नाही, हे सांगणारे कागद ज्याची चौकशी होते त्याच्याच कपाटात असतात. 2001 मध्ये एनरॉन कोसळत असताना तिच्या ऑडिटर आर्थर अँडरसनच्या ह्यूस्टन ऑफिसात कागदांचे ढीग श्रेडरमध्ये गेले. पुढच्या वर्षी टेक्सासच्या बोर्डाने कंपनीचा परवाना रद्द केला. सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये फौजदारी शिक्षा रद्दबातल ठरवली, पण तोवर कंपनीचं काम जवळपास संपलं होतं.

मी कायद्यावर संशोधन करतो, वकील नाही. त्यामुळे मित्राला एवढंच म्हटलं: उद्या सकाळी वकील गाठ. 30 दिवस कधी संपतात ते लिहून ठेव. मागणी फार ऐसपैस वाटली, तर वकिलामार्फत आक्षेप घे, तो तुझा हक्क आहे. आणि काहीही झालं तरी एकही कागद फाडू नकोस, एकही ईमेल डिलीट करू नकोस.