हिमावरील पहिला दिवस

आमच्या बीदर-कलबुर्गी भागात आकाशातून पडणारा बर्फ आपण पाहतो तो गारांच्या रूपाने. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेल्या गारपिटीत ज्यांची उभी पिके आडवी झाली, त्यांच्यापुढे बर्फाचे कौतुक करण्याचे धैर्य आम्हांस होणार नाही. आमच्या कोकणी घरात तर बर्फ म्हणजे मासळीवर घालावयाचा चुरा, एवढीच ओळख होती. मराठीत या सर्वांस 'बर्फ' हा एकच शब्द चालतो. परंतु थंड देशांत कापसासारखा भुरभुरत खाली येतो तो पदार्थ निराळा. गार म्हणजे गोठलेल्या पाण्याचा थरावर थर चढलेला गोळा. तो भुरभुरणारा पदार्थ मात्र वाफेतून थेट तयार झालेल्या षट्कोनी स्फटिकांचा. येथे त्यास आपण हिम म्हणू.

हा विषय सुचण्याचे कारण असे. भालकी तालुक्यातील आमचा एक माजी विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी जपानातील सापोरो शहरी राहिला आहे. तेथील हिवाळ्यात एके रविवारी तो आयुष्यात प्रथमच पायांस फळी बांधून डोंगरउतारावरून घसरला, व त्या दिवसाची हकीकत त्याने आम्हांस सविस्तर लिहून पाठविली. ती वर्गात वाचून दाखविताच प्रश्नांचा भडिमार झाला. फळी घसरते कशी? थांबते कशी? पडल्यावर लागत नाही काय? त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र करीत आहोत.

प्रथम त्या हिमाविषयी. सापोरो हे जवळजवळ वीस लाख वस्तीचे शहर. तरीही तेथे एका हिवाळ्यात पडणाऱ्या हिमाची बेरीज सुमारे पाच मीटर भरते. सैबेरियाकडून येणारा कोरडा, अतिथंड वारा जपानच्या समुद्रावरून वाहताना बाष्प उचलतो आणि होक्काइडो बेटाच्या डोंगरांस अडून ते हिमरूपाने टाकून देतो. विद्यार्थ्यांनी येथे सह्याद्री आठवावा. अरबी समुद्रावरून आलेला पाऊस कोकणात कोसळतो व आपल्या वाट्यास उरलेसुरले ढग येतात, तोच हा न्याय. याच सापोरोच्या विद्यापीठात उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाने १९३६ साली सशाच्या केसाच्या टोकावर जगातील पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढविला.

आता फळी. १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींच्या खेळण्यासाठी दोन स्की एकमेकींस जोडल्या. आजचा स्नोबोर्ड हा त्या खेळण्याचा वंशज. पुढे ऑलिंपिकमध्ये या खेळास स्थान मिळाले तेही जपानातच, १९९८ साली, नागानो येथे. फळी साधारण दीड मीटर लांब व पाव मीटर रुंद असते, तिच्या कडेस पोलादाची पट्टी असते आणि दोन्ही पाय तिच्यावर आडवे जखडलेले असतात. हे आडवेपण महत्त्वाचे. तोल गेला की एक पाय पुढे टाकून सावरण्याची आपली जन्माची सवय येथे कामास येत नाही.

फळी घसरते का, याचे उत्तर पुष्कळ पुस्तकांत असे आढळते की, अंगाच्या भाराने खालचे हिम वितळते. थोडे गणित करून पाहावे. साठ किलो वजनाचा मुलगा ३७५० चौरस सेंटिमीटरच्या फळीवर उभा राहिला, तर दर चौरस सेंटिमीटरवर भार पडतो सुमारे सोळा ग्रॅम! बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणण्यास मात्र हवेच्या दाबाच्या सुमारे १३० पट दाब लागतो. तेव्हा हे उत्तर टिकत नाही. बर्फाच्या पृष्ठावरील रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात. तो अत्यंत पातळ थर द्रवासारखा वागतो, हे मायकेल फॅरडे याने १८५० च्या सुमारासच सुचविले होते. त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर पडते आणि फळी निसटते.

आमचा विद्यार्थी ज्या तेइने डोंगरावर गेला, तेथे १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या स्पर्धा झाल्या होत्या. मित्र म्हणत होते, शिक्षकाची गरज नाही, आम्ही शिकवितो. त्याने ऐकले नाही व दोन तासांचे शुल्क भरले. आमच्या मते त्या दिवशी त्याने केलेला हाच सर्वांत शहाणपणाचा खर्च. कारण त्याच्या मनात भीती होती, ती केवळ पडण्याची नव्हे. वडिलांनी तुरीच्या दोन हंगामांचे पैसे घालून त्यास पाठविलेले. उजवा हात मोडला तर परीक्षेचे सत्र बुडणार, आणि घरी तर काहीच सांगितलेले नाही.

शिक्षकाने आधी त्यास मागून हलकेच ढकलले. जो पाय आपोआप पुढे गेला, तोच फळीवर पुढे ठेवावयाचा. मग सपाटीवर एक पाय मोकळा ठेवून चालणे, बसणे, उठणे. त्यानंतर उतारावर फळी आडवी धरून टाचांवर भार देत सावकाश खाली सरकणे. टाचा दाबल्या की वरची कड हिमात रुतते व फळी थांबते. थोडे सैल केले की सरकते. ब्रेक म्हणतात तो एवढाच.

मोठा धोका आहे खालच्या कडेचा. उताराच्या बाजूची कड चुकून हिमात घुसली की फळी जागीच अडते. शरीर मात्र गतीत असते, ते न्यूटनच्या पहिल्या नियमाने पुढेच जाते. माणूस आपटतो आणि सहजप्रवृत्तीने तळहात पुढे करतो. म्हणूनच नवशिक्यांची मनगटे सर्वांत अधिक दुखावतात. पुढे पडताना मुठी मिटून कोपरापर्यंतच्या हातांवर भार घ्यावा, मागे पडताना हनुवटी छातीशी घेऊन बसल्यासारखे पडावे; शिरस्त्राण व मनगटास आधार देणारी पट्टी वापरावी. पाहिले दोन तास त्याने बहुतेक पडण्यातच घालविले. चार-पाच वर्षांची जपानी मुले शेजारून सरसर निघून जात होती. दुपारी फळी परत करून खोलीवर जावे, असे त्याच्या मनात आले होते.

त्याने अंगात सुती सदरा घातला होता, तो घामाने भिजून गार पडला. सूत पाणी धरून ठेवते; लोकर ओली झाली तरी ऊब देते. आपल्याकडचा धनगर पावसात घोंगडे पांघरतो ते उगीच नव्हे. मित्राची लोकरी बंडी अंगात घातल्यावर तो पुन्हा उतारावर आला. शिक्षकाने सांगितले होते, पायांकडे पाहू नकोस, जावयाचे तिकडे पाहा. खांदे वळतात, त्यांमागे कंबर वळते, मग फळी. चारच्या सुमारास तो न पडता डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे वळला. दोन वळणे! सकाळपासूनची कमाई ती एवढीच.

संध्याकाळी त्याने घरी फोन केला. आईने पहिला प्रश्न केला, "हातपाय धड आहेत का?" दुसरा, "आधी का सांगितलं नाहीस?" पहिल्याचे उत्तर त्याच्याजवळ होते.

हा खेळ पाहण्यास परदेशीच जावे लागते असे नाही. उत्तराखंडातील औली व काश्मीरातील गुलमर्ग येथे तो चालतो. गुलमर्ग येथे २०२० पासून भरू लागलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत स्नोबोर्डिंगचाही समावेश आहे. तेथील आकाशपाळणा अफरवट पर्वतावर जवळजवळ चार हजार मीटर उंचीपर्यंत नेतो. नवशिक्यांचे उतार मात्र खाली, गावाजवळच आहेत.