तबकडीवाचून दूरचित्रवाणी

घराच्या गच्चीवर किंवा कौलांवर बसविलेली गोल तबकडी ही आज दूरचित्रवाणीची खूणच होऊन बसली आहे. तबकडी नसेल तर केबलची तार हवी, तीही नसेल तर इंटरनेट हवे. या तीन मार्गांवाचून घरात चित्रे येऊच शकत नाहीत, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे भारतातील दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला, तेव्हा उपग्रहामार्फत असे कार्यक्रम जगात कोठेच पाठविले जात नव्हते. जमिनीवर उभा असलेला एक मनोरा आणि घरावर लावलेल्या धातूच्या चार दांड्या एवढ्या सामग्रीवर चित्रे येत असत. हा मार्ग कसा चालतो, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्याचे मोल कशात आहे, हे समजून घेण्याजोगे आहे.

तरंगांची वाट

दूरचित्रवाणीचे चित्र आणि ध्वनी विद्युत्-चुंबकीय तरंगांवर आरूढ होऊन प्रवास करतात. हे तरंग प्रकाशाचेच भाऊबंद होत. त्यांचा वेग प्रकाशाइतकाच, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर असतो. आणि प्रकाशाप्रमाणेच ते बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र वाटोळी आहे. त्यामुळे मनोऱ्यापासून निघालेला तरंग काही अंतरानंतर क्षितिजावरून पुढे निसटतो आणि त्यापलीकडील घरे त्याच्या सावलीत राहतात. हवेच्या थरांमुळे तरंग किंचित वाकतात, म्हणून त्यांचे क्षितिज डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा थोडे दूर असते, इतकेच.

हे अंतर काढण्याची एक सोपी रीत आहे. उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्यास ४.१ ने गुणावे. येणारी संख्या म्हणजे त्या उंचीवरील तरंगांच्या क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर होय. मुंबईस वरळी येथे उभारलेल्या दूरदर्शनच्या मनोऱ्याची उंची सुमारे ३०० मीटर आहे. तिच्या हिशेबाने सुमारे ७१ किलोमीटर होतात. पाहणाऱ्याच्या घरावरील अँटेना जमिनीपासून ९ मीटर उंच असेल, तर तिचे १२ किलोमीटर त्यात मिळवावयाचे. म्हणजे सपाट प्रदेशातही साधारण ८३ किलोमीटरपलीकडे त्या मनोऱ्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा पुण्याचा प्रश्न नेमका येथेच उभा राहिला. पुणे या मर्यादेच्या बाहेर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. त्यावर उपाय सह्याद्रीनेच दिला. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांहून उंच असलेल्या सिंहगडावर १९७३ साली सहप्रक्षेपण केंद्र उभारण्यात आले आणि मुंबईचे कार्यक्रम तेथून पुणे परिसरावर पुन्हा प्रक्षेपित होऊ लागले. ज्या डोंगराने वाट अडवावी, त्याच्याच माथ्याने ती मोकळी केली.

दांड्यांचे शास्त्र

घरावरील अँटेनेच्या दांड्या वाटेल तेवढ्या लांब करून चालत नाहीत. आरंभीच्या केंद्रांचे तरंग सेकंदास सुमारे सहा कोटी आवर्तने करणारे होते. तीन लक्ष किलोमीटरना या संख्येने भागले की एका तरंगाची लांबी ५ मीटर येते. मुख्य दांडी तरंगलांबीच्या निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे सुमारे अडीच मीटर असली की ती तरंगाशी सुसंवादी होते व त्यातील ऊर्जा उत्तम प्रकारे ग्रहण करते. आवर्तने दहापट झाली, तर दांडी एक दशांश, म्हणजे वीतभराहून थोडी मोठी पुरते.

एकाच दांडीवर न थांबता तिच्या मागे थोडी लांब आणि पुढे थोड्या आखूड दांड्या ओळीने बसविल्या, तर अँटेना एका दिशेने येणारे तरंग अधिक जोमाने टिपते व अन्य दिशांचे बहुतांशी टाळते. ही रचना जपानमधील सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास मांडली. म्हणूनच तिला यागी-उदा अँटेना म्हणतात. आखूड दांड्यांची बाजू मनोऱ्याकडे असावी, हा तिचा पहिला नियम. ती शक्य तितकी उंच असावी, समोर मोठी इमारत वा दाट झाडी नसावी, खाली येणारी तार विनाकारण लांब नसावी, विजेच्या वाहिन्यांपासून ती दूर असावी आणि तिचा खांब जमिनीशी तारेने जोडलेला असावा, हे उरलेले नियम. ते मोडले की पडद्यावर ‘मुंग्या’ दिसत, किंवा डोंगरावरून परतलेल्या तरंगामुळे प्रत्येक आकृतीशेजारी तिचीच फिकट सावली उमटत असे.

तबकडी एक, घरे अनेक

उपग्रह आल्यावर दोन वाटा समोर आल्या. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना कार्यक्रम दाखविण्यात आले. तेथे प्रत्येक खेड्यात जाळीची मोठी तबकडी होती. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात मात्र दुसरी वाट चोखाळली गेली. पीज या गावी एक किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक उभारण्यात आला. उपग्रहाकडून येणारे कार्यक्रम अहमदाबादच्या भूकेंद्रात घेतले जात, तेथून पीजला जात, आणि भोवतालच्या खेड्यांतील सामुदायिक संचांवर ते साध्या अँटेनेने दिसत. शिवाय शेतमजुरांची मजुरी, अस्पृश्यता, शेती अशा तेथल्याच प्रश्नांवरील गुजराती कार्यक्रमही त्याच मनोऱ्यावरून होत.

वर्ष संपले, अमेरिकेने आपला उपग्रह हलविला आणि खेड्यांतल्या तबकड्यांना येणारा संदेश थांबला. पीजचा मनोरा मात्र १९८५ पर्यंत बोलत राहिला. जमिनीवरील साधन आपल्या हाती असते, हा धडा यातून मिळाला.

पुढे १९८३ साली इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि देशभर लहान प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले. त्यातही तत्त्व पीजचेच होते: तबकडी प्रक्षेपकाजवळ एक, आणि घराघरावर केवळ दांड्या. एका मनोऱ्याच्या छायेत शंभर घरे असोत की लाख, मनोऱ्यावरचा भार वाढत नाही आणि कोणाकडेही मासिक वर्गणी मागावी लागत नाही.

आजची स्थिती

हे जाळे आता बहुतांशी इतिहासजमा झाले आहे. सामरिक महत्त्वाच्या सुमारे ५० ठिकाणांचा अपवाद करून, जुन्या पद्धतीचे उरलेले प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे प्रसार भारतीने २०२१ मध्ये जाहीर केले. तत्पूर्वी, २०१६ साली, मुंबई व औरंगाबादसह १६ शहरांत अंकीय पद्धतीचे भूप्रक्षेपण सुरू करण्यात आले होते. अंकीय पद्धतीत एकाच तरंगपट्टीत अनेक वाहिन्या मावतात आणि मुंग्या नाहीशा होतात. परंतु संदेश ठरावीक मर्यादेखाली गेला की चित्र अंधुक होत नाही, एकदम नाहीसेच होते. ब्रिटन व जपान या देशांत असंख्य कुटुंबे आजही अशाच अंकीय तरंगांवर, छपरावरील अँटेनेने, वाहिन्या पाहतात. म्हणजे कालबाह्य ठरली ती जुनी प्रक्षेपणपद्धती. दांड्यांचे शास्त्र नव्हे.

भारतात विनामूल्य पाहू इच्छिणाऱ्यास आता मुख्यतः दूरदर्शनच्या मोफत उपग्रहसेवेकडे वळावे लागते. तिला वर्गणी नाही. खोल दरीतल्या गावालाही वरून येणारा संदेश मिळतो, हा तिचा मोठा गुण. तथापि तबकडी व जोडपेटी ज्याची त्याने घ्यावयाची, आणि दक्षिणेचे आकाश मोकळे असावे लागते. चाळीतल्या आतल्या खोलीस ते लाभतेच असे नाही. जो खर्च पूर्वी सर्वांच्या वतीने एका मनोऱ्यावर होत असे, त्यातील काही वाटा आता प्रत्येक घराच्या दाराशी आला आहे.

यास्तव अँटेना विकत घेण्यापूर्वी परिसरात चालू प्रक्षेपक आहे काय, याची प्रथम चौकशी करावी. तो नसेल तर उत्तमातली उत्तम अँटेनाही मुकी राहील. घरावरची दांडी ही अर्धीच सामग्री आहे. उरलेली अर्धी समाजाने उभारावयाची व राखावयाची असते.