जपानी मालिकांतील दुकान

आपल्या दूरचित्रवाणी मालिकांत व्यापारी घराण्यांना तोटा नाही. प्रशस्त वाडा, वळणदार जिना, स्वयंपाकघरातही भरजरी साड्या नेसून वावरणाऱ्या सुना आणि ‘कंपनी’ या एका शब्दात गुंडाळलेला कोट्यवधींचा व्यवसाय, असा सारा थाट असतो. परंतु त्या कंपनीत नेमके काय विकले जाते, माल कोठून येतो, उधारी किती दिवसांची आहे, बाजारात पत कशी आहे, हे वर्षानुवर्षे मालिका पाहूनही प्रेक्षकाला कळत नाही. व्यवसायाचा संबंध येतो तो बहुधा कपटाने सही घेण्याच्या प्रसंगापुरता. ज्यांचे आयुष्य गल्ल्यामागे गेले, अशा आपल्यासारख्या कुटुंबांना हे खटकत कसे नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

बँकेतील छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर मी कुडव्यास स्थायिक झालो. गोंदिया शहराला लागून असलेल्या या आमच्या गावात जपानचे नाव निघते ते कामठीच्या ड्रॅगन पॅलेस मंदिराच्या किंवा एखाद्या दुचाकीच्या निमित्ताने. पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्या माझ्या नातीने सुटीत घरी आल्यावर जपानी मालिका लावून दिल्या आणि गेल्या दोन वर्षांत त्यांचा मला छंद जडला. संवाद इंग्रजी उपशीर्षकांवरून वाचावे लागतात, त्यामुळे मालिका पाहताना भाजी निवडता येत नाही, ही आमच्या घरातील मुख्य तक्रार आहे. ती बाजूला ठेवली तर या मालिकांत मला जे आढळले, ते व्यापारी कुटुंबांपुढे मांडण्याजोगे वाटते.

पहिली गोष्ट लांबीची. जपानमधील संध्याकाळची मालिका साधारणपणे दहा-अकरा भागांत, म्हणजे एका तिमाहीत संपते. एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर १९६१ पासून सकाळच्या मालिकांची परंपरा आहे. पंधरा मिनिटांचा भाग आणि बहुधा सहा महिन्यांची मुदत. शेवट कधी, हे आरंभीच ठरलेले असते. आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात तेरा भागांच्या मालिका असत, तेव्हा हीच शिस्त होती. पुढे ‘चार दिवस सासूचे’सारख्या मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालू लागल्या. मुदतीचे कर्ज आणि वर्षानुवर्षे नूतनीकरण होत राहणारे कॅश क्रेडिट यांत जो फरक, तोच येथे. मुदत ठरलेली असली की लेखकाला हिशेब द्यावा लागतो.

बँकवाल्याने प्रथम पाहावी अशी मालिका म्हणून ‘हान्झावा नाओकी’ सुचविली गेली. २०१३ साली टीबीएस वाहिनीवर ती दाखविली गेली आणि २२ सप्टेंबरच्या अखेरच्या भागाला तोक्यो परिसरात ४२.२ टक्के प्रेक्षकसंख्या लाभली. मूळ कादंबऱ्यांचे लेखक जुन इकेइदो हे स्वतः मित्सुबिशी बँकेत नोकरी केलेले. नायक ओसाकातील एका शाखेत कर्ज विभागाचा प्रमुख आहे. शाखाधिकाऱ्याच्या आग्रहाने एका पोलाद कंपनीला ५० कोटी येनचे विनातारण कर्ज घाईघाईने दिले जाते, कंपनी बुडते, तिचे ताळेबंद बनावट असल्याचे उघड होते आणि सारा दोष कनिष्ठाच्या माथी मारला जातो. ताळेबंदातील आकड्यांची चिरफाड, वसुलीची धावपळ, तपासणी अधिकारी येण्यापूर्वीची लपवाछपवी हे इतके खरे उतरले आहे की, सेवाकाळातील काही रात्री मला पुन्हा आठवल्या. बदलीची भीती हा तर कथेचा कणाच आहे. ती भीती कोणत्याही देशातील बँक कर्मचाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

तथापि या मालिकेवर माझा मोठा आक्षेप आहे. नायकाच्या वडिलांचा स्क्रू तयार करण्याचा लहानसा कारखाना होता. अडचणीच्या वेळी बँकेने हात काढून घेतला आणि त्यांनी जीव दिला. त्या दुःखाची परतफेड करण्यासाठी मुलगा त्याच बँकेत शिरतो आणि एकेक वैरी दुप्पट हिशेबाने चुकता करतो. शेवटी बँकेच्या एका संचालकाला सर्वांसमोर गुडघे टेकून जमिनीवर डोके ठेवायला लावले जाते. प्रेक्षक टाळ्या वाजवितात. क्षमापनेच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला तेथे टाळी वाजविता येत नाही. मालिकेलाही ते कोठेतरी उमगले असावे, कारण या विजयानंतर लगेच नायकाची रवानगी बँकेच्या उपकंपनीत होते. मला त्याच्या सूडापेक्षा त्याच्या वडिलांचा कारखाना अधिक आवडला. लहान उद्योजकाच्या हातातील एका स्क्रूची किंमत कागदावर दिसत नाही, ही गोष्ट कर्जविभागात बसलेल्या प्रत्येकाने पाहण्यासारखी आहे.

आपल्या वाचकांना सर्वांत जवळची वाटेल ती ‘आसा गा किता’. एनएचकेवर सप्टेंबर २०१५ ते एप्रिल २०१६ या काळात दाखविलेली ही मालिका हिरोओका आसाको या खऱ्या व्यापारी स्त्रीच्या चरित्रावर बेतलेली आहे. आसाकोचा जन्म १८४९ सालचा, क्योतोच्या प्रसिद्ध मित्सुई घराण्यातला. सासर ओसाकातील काजिमाया ही पेढी. मालिकेत घराण्यांची नावे बदलली आहेत, एवढेच.

पेढी म्हणजे काय, हे येथे नीट दाखविले आहे. त्या काळी ओसाकाचे व्यवहार चांदीत, तर एदोचे, म्हणजे आजच्या तोक्योचे, सोन्यात होत. त्यामुळे दोहोंमध्ये अदलाबदल करणाऱ्या सराफांवाचून व्यापार चालत नसे. शिवाय सरदार-जहागीरदार मंडळी आपला सारा-वसुलीचा तांदूळ ओसाकाच्या वखारींत पाठवीत आणि त्या तांदळावर पेढ्यांकडून कर्ज उचलीत. वखारीच्या पावत्यांची खरेदी-विक्री दोजिमा येथील तांदूळ बाजारात होई आणि १७३० साली तेथील वायद्याच्या सौद्यांना सरकारी मान्यताही मिळाली होती. गोंदियात राइस मिल असणाऱ्या घरांनी हे भाग पाहावेत. धान, वखार आणि उचल यांचे नाते त्यांना कोणी शिकवायला नको.

मग १८६८ मध्ये राज्यक्रांती झाली. चांदीचे चलनमूल्य एका हुकमाने रद्द झाले आणि ठेवीदार पेढ्यांच्या दारात गर्दी करू लागले. १८७१ मध्ये जहागिरीच बरखास्त झाल्या. त्यांच्यावरील कर्जांचे सरकारने जे केले, ते बँकवाल्याने वाचावे असे आहे. १८४३ आणि त्यापूर्वीची कर्जे रद्द. १८४४ ते १८६७ मधील कर्जे बिनव्याजी, पन्नास वर्षांत फेडायची. त्यानंतरची चार टक्के व्याजाने, पंचवीस वर्षांत. कर्जमाफीचा आजचा वाद ऐकताना मला आता हे तीन टप्पे आठवतात. ओसाकातील अनेक जुन्या पेढ्या या वादळात बुडाल्या.

आसाको मात्र तगली. लहानपणी तिला लिहिण्या-वाचण्याची बंदी होती. सासरी आल्यावर रात्री जागून ती सोरोबान, म्हणजे मणिचौकट, आणि हिशेब शिकली. पुढे तिने क्यूशू बेटावरील कोळशाच्या खाणी चालविल्या. १८८८ मध्ये काजिमा बँक उभी राहिली, १९०२ मध्ये दाइदो विमा कंपनी. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या जपान महिला विद्यापीठाच्या उभारणीतही तिचा मोठा हात होता. हे सारे मालिकेत आहेच. परंतु मला भावला तो तिचा पती. दुकानात न रमणारा, शामिसेन वाजविणारा हा मनुष्य पत्नीच्या कर्तृत्वाचा हेवा करीत नाही. आपल्या समाजात वाणिज्याची पदवी घेतलेल्या किती सुना आज घरात आहेत! त्यांच्यापैकी किती जणींना पेढीचा ताळेबंद दाखविला जातो? सुनेच्या नावावर भागीदारी असते, आयकराचे विवरणपत्र असते, कर्जाच्या कागदावर हमीदार म्हणून सही असते. आकडे मात्र तिला कोणी सांगत नाही. अशा सह्या घेण्याचे काम मी वर्षानुवर्षे केले आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो.

मालिकेतील थोरली बहीण हात्सु ही दुसऱ्या एका पेढीत दिली जाते. ती पेढी बुडते आणि संपूर्ण कुटुंब रात्रीच्या अंधारात घर सोडते. पुढे ते संत्र्यांची बाग करून जगते. लेखिकेने धाकटीला विजेती आणि थोरलीला पराभूत असे रंगविलेले नाही. दिवाळे निघाल्यावरही घर उरते, हे दाखवायला धैर्य लागते.

खाण्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. ‘कोदोकु नो गुरुमे’ ही २०१२ पासूनची लोकप्रिय मालिका एका फिरत्या व्यापाऱ्याची आहे. परदेशी वस्तू आयात करून विकणारा हा गृहस्थ मुद्दाम दुकान ठेवीत नाही, गिऱ्हाइकांकडे स्वतः जातो आणि काम आटोपले की एकटाच जेवतो. ‘शिन्या शोकुदो’मध्ये मध्यरात्री बारा ते सकाळी सात उघडी असणारी एक खाणावळ आहे. दोन्ही मालिकांचा स्वभाव सोज्ज्वळ, पण ताटात मासे-मांस भरपूर. आपल्या घरी सहकुटुंब पाहणे कठीण. दिसायला निव्वळ भाजीचे असणारे सारही तेथे बहुधा वाळविलेल्या माशांच्या अर्काचे असते. बौद्ध मठांतील ‘शोजिन’ स्वयंपाकात मात्र मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही वर्ज्य असतो. मुळा आणि कमळाचे मूळ त्यांना चालते, तेवढा मतभेद राहीलच.

आता ‘ओशिन’. ४ एप्रिल १९८३ ते ३१ मार्च १९८४ या काळात एनएचकेवर तिचे २९७ भाग झाले. लेखिका सुगाको हाशिदा. जपानमध्ये तिची सरासरी प्रेक्षकसंख्या ५२.६ टक्के होती आणि पुढे साठाहून अधिक देशांत ती दाखविली गेली. सात वर्षांची ओशिन एका पोते तांदळाच्या बदल्यात वर्षभरासाठी एका लाकूड व्यापाऱ्याच्या घरी कामाला पाठविली जाते, हा भाग पाहून रडला नाही असा माणूस विरळा. आजीने जवळ दिलेले पन्नास सेनचे नाणे चोरीचे ठरविले जाते आणि ती हिमवर्षावात पळून जाते. पुढे साकाता बंदरातील कागाया या तांदळाच्या घाऊक पेढीत ती येते आणि तेथील वृद्ध मालकीण तिला अक्षरे आणि हिशेब शिकविते. हीच भरभराटीची पेढी पुढच्या पिढीत सट्ट्याच्या नादाने लयाला जाते.

बहुतेक लोक ‘ओशिन’ म्हटले की या हिमातल्या मुलीपाशीच थांबतात. मला मात्र मालिकेची चौकट महत्त्वाची वाटते. कथा सुरू होते १९८३ मध्ये. ओशिन आता म्हातारी झालेली आहे, कुटुंबाची सोळा सुपर मार्केट दुकाने आहेत आणि सतराव्याच्या उद्घाटनाच्या दिवशीच ती कोणालाही न सांगता घर सोडून निघून जाते. सारी पूर्वकथा या प्रवासात उलगडते. सतरावे दुकान तिला का नको होते? मुलाने त्यासाठी मोठे कर्ज उचललेले असते, हे एक कारण. दुसरे कारण असे की, ते दुकान जिथे उघडायचे आहे, तिथे जवळच पडत्या काळात तिला आधार देणाऱ्या कोता या स्नेह्याच्या कुटुंबाचे दुकान आहे. कायद्याने त्यात गैर काही नाही. मुलाचा हिशेबही चोख आहे. आपण नाही उघडले तर दुसरा कोणी उघडेल, असे तो म्हणतो. आणि पुढे तसेच घडते: शेजारी त्याहून मोठे सुपर मार्केट येऊ घातल्यावर कर्जात बुडायची वेळ या कुटुंबावर येते. शेवट येथे सांगत नाही.

मालिका ओशिनलाही सोडत नाही. युद्धकाळात सैन्याला माल पुरवून तिच्या पतीने पैसा मिळविला, तो तिनेही खाल्ला. त्या युद्धाने थोरला मुलगा नेला आणि पराभवानंतर पतीने स्वतःला संपविले. म्हणूनच आपण वाटेत कोठे चुकलो, हे शोधायला निघालेली म्हातारी खरी वाटते.

रडारड यात फार आहे, सासूचा छळ तर आपल्या मालिकांना लाजवील असा आहे आणि मधले काही आठवडे रेंगाळतात. तरीही व्यापारी घरात एकच जपानी मालिका पाहायची असेल, तर मी हीच सांगेन. वडील, मुलगा आणि सून अशा तिघांनी एकत्र बसून.

गोंदियातील एका स्नेह्यांच्या घरी तसे घडले. त्यांचे कापडाचे दुकान तीन पिढ्यांचे. चिरंजीवांना रिंग रोडच्या बाजूस मोठी शाखा उघडायची आहे आणि त्या जागेसमोर त्यांच्याच दुकानात वीस वर्षे राबलेल्या मुनीमजींच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी छोटे दुकान थाटले आहे. कर्जाच्या प्रकल्प अहवालावर माझे मत घ्यायला वडील आले होते. आकडे बरे होते, तसे मी सांगितले. त्यानंतर दिवाळीच्या सुटीत त्यांनी ‘ओशिन’चे आरंभीचे आणि अखेरचे भाग पाहिले. मुलाचे म्हणणे आहे की, मालिका पाहून धंदा होत नसतो. वडिलांनी मुनीमजींना घरी जेवायला बोलाविले आहे. सून म्हणते, तोपर्यंत मला दोन्ही दुकानांचे आकडे दाखवा. भाडेपट्ट्यावर अद्याप सही झालेली नाही.