नवजात विभागातली दिवसपाळी

सकाळी 7. ओहायोतल्या आमच्या रुग्णालयात रात्रपाळीच्या सिस्टरकडून चार्ज घेते. माझ्याकडे तीन दिवसांचा मुलगा आहे. त्याच्या आईने अफूवर्गीय नशा सोडण्यासाठी गरोदरपणी मेथाडोनचे उपचार घेतले. नाळ कापली की बाळाला मिळणारं औषध एकदम थांबतं आणि सरावलेली मज्जासंस्था बिथरते.

8:30. दुपटं सोडते. हनुवटी थरथरतेय, मुठी आवळलेल्या, शिंकांवर शिंका. शी पातळ, त्यामुळे ढुंगण सोलवटलंय. कोमट पाण्याने टिपून मलमाचा जाड थर देते.

10. पूर्वी 1975 च्या फिनेगन तक्त्यावर एकेका लक्षणाला गुण देत असत. आता तीनच प्रश्न: दूध नीट पितो का? सलग तासभर झोपतो का? दहा मिनिटांत शांत होतो का? 2023 साली 26 अमेरिकी रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. या पद्धतीत बाळं सुमारे 8 दिवसांत घरी जाण्याजोगी झाली; जुन्या पद्धतीत 15 दिवस लागत. औषधाची गरज 52 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली.

दुपारी 1. दुसऱ्या बाळाचा एमआरआय. पोटभर पाजून, घट्ट गुंडाळून, कान झाकून नेलं. भूल द्यावी लागली नाही. गर्भात अफूवर्गीय औषधं पोचलेल्या बाळांच्या मेंदूचं आकारमान सरासरी थोडं कमी आढळलं आहे. मात्र धूम्रपान, कुपोषण, गरिबी यांचा वाटाही त्यात असू शकतो. मूल पुढे कसं बोलेल, कसं शिकेल, हे एका चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी पुढची काही वर्षं त्याची नियमित तपासणी हवी.

3. तीन दिवसांच्या त्या मुलाची आई आली. ‘‘हे माझ्यामुळेच ना?’’ म्हणाली. मी म्हटलं, ‘‘तू उपचार सोडले नाहीस, ते याच्यासाठीच. घे त्याला.’’ दिवे मंद केले, बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. ती अंगावर पाजू लागली. स्थिर उपचारांवरच्या आईने दूध पाजणं बाळाच्या हिताचंच.

संध्याकाळी 7. चार्ज देताना सांगते: सलग दोन तास झोपला, औषध लागलं नाही.

या बाळांना कुणी ‘व्यसनी’ म्हणू नये. आणि गरोदरपणी ट्रॅमाडॉलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या रोज चालू असतील, तर त्या मनानेच एकदम बंद करू नका. डॉक्टरांना सगळं खरं सांगा. दोघांचाही जीव त्यानेच सुरक्षित राहतो.