आधी देहाचे माप, मग इंप्लांटचे

शिंपी सदरा बेततो तेव्हा प्रथम फीत घेऊन अंगाचे माप घेतो आणि मगच कात्री चालवितो. स्तनांचा आकार वाढविण्यासाठी प्लास्टिक शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या स्त्रीच्या मनात मात्र पुष्कळदा एखादा आकडा अगोदरच ठरलेला असतो. मैत्रिणीला जे माप शोभले तेच आपल्यालाही शोभेल, असे तिला वाटते. हा क्रम उलटा आहे. सदरा उसवून पुन्हा शिवता येतो. प्रमाणाबाहेर ताणलेली त्वचा आणि विरळ झालेली ऊती पूर्ववत होतीलच असे नाही.

सिलिकोनच्या इंप्लांटची पहिली शस्त्रक्रिया १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शस्त्रवैद्यांनी केली. आज मुख्यतः दोन प्रकार वापरात आहेत. दोहोंचे बाह्य कवच सिलिकोनचेच असते. एकात सिलिकोनचा जेल, तर दुसऱ्यात मिठाचे निर्जंतुक पाणी भरलेले असते. त्यांचे आकारमान घन सेंटिमीटरमध्ये मोजतात. ३०० घन सेंटिमीटरच्या इंप्लांटचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते, आणि हा भार त्वचेला व ऊतींना अहोरात्र पेलावा लागतो.

काचोळीच्या पेटीवरील अक्षर हे येथे खात्रीचे माप ठरत नाही. ते अक्षर छातीचा घेर आणि स्तनांवरून घेतलेला घेर यांतील फरक दर्शविते. म्हणून लहान घेराच्या व मोठ्या घेराच्या काचोळीवर एकच अक्षर असले, तरी आतील आकारमान निराळे असते. शिवाय निरनिराळ्या उत्पादकांची मापे परस्परांशी जुळत नाहीत.

नुसते आकारमान सांगूनही भागत नाही. पसरट ताटलीत व उभट वाटीत सारखेच पाणी मावू शकते. इंप्लांटचेही तसेच आहे. त्याचा आकार गोलाच्या छेदलेल्या भागासारखा मानून गणित केले, तर १२ सेंटिमीटर रुंद व ४.५ सेंटिमीटर उंच इंप्लांटचे आकारमान सुमारे ३०० घन सेंटिमीटर येते. ११ सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर उंच इंप्लांटचेही जवळजवळ तितकेच. आकडा एक; परंतु पहिला छातीवर पसरतो, दुसरा पुढे उठून दिसतो.

म्हणूनच कुशल शस्त्रवैद्य प्रथम स्तनाच्या पायाची रुंदी मोजतो. इंप्लांट सामान्यतः या रुंदीत सामावला पाहिजे. त्याहून रुंद इंप्लांट बसविल्यास त्याची कड काखेकडे सरकते, किंवा मधली मोकळी जागा नाहीशी होऊन दोन्ही स्तन एकमेकांस भिडतात. त्यानंतर त्वचा किती ताणली जाते हे पाहतात आणि ती ताणून स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचे अंतर मोजतात. वरच्या भागातील ऊती चिमटीत धरून तिची जाडी पाहतात. ही जाडी २ सेंटिमीटरहून कमी असल्यास कड उठून दिसू नये म्हणून इंप्लांट बहुधा छातीच्या स्नायूखाली, अंशतः तरी, बसवितात.

या मापांनी एक मर्यादा आखली जाते, आणि त्या मर्यादेच्या आत स्त्रीच्या इच्छेला पूर्ण वाव असतो. चोळीत नमुन्याचे इंप्लांट ठेवून ती आरशात पाहू शकते. घरी मोजून घेतलेल्या तांदळाच्या पिशव्या काही तास वापरून भाराचा अंदाज घेऊ शकते. काही ठिकाणी संगणकावर त्रिमितीय चित्रही दाखवितात. तथापि ते केवळ अनुमान असते, वचन नव्हे.

कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिच्या बाबतीत माप जुळवावयाचे असते ते दुसऱ्या स्तनाशी. पुष्कळदा प्रथम त्वचेखाली एक प्रसरणशील पिशवी ठेवून तीत काही आठवडे थोडे थोडे खारे पाणी भरतात. त्वचा पुरेशी सैल झाली की तिच्या जागी कायमचे म्हणून इंप्लांट बसवितात. किरणोपचार झालेला असल्यास गुंतागुंतीचा संभव वाढतो, हेही निर्णयापूर्वी विचारात घ्यावे लागते.

'कायमचे' हा शब्द मात्र जपूनच वापरावयास हवा. इंप्लांट जन्मभर टिकण्यासाठी बनविलेले नसते. त्याभोवती शरीर तंतुमय वेष्टन तयार करते; काही वेळा ते आकसून स्तन कठीण व दुखरा होतो. जेलचा इंप्लांट फुटला तरी बाहेरून काहीच जाणवू नये, असेही घडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जेलच्या इंप्लांटवर १९९२ साली निर्बंध घातले होते. ते २००६ साली शिथिल झाले. २०२१ साली मात्र त्याच प्रशासनाने ठळक इशारा छापणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी धोक्यांची यादी स्त्रीसमोर ठेवणे आवश्यक केले. खरखरीत पृष्ठभागाच्या इंप्लांटशी विशेषेकरून संबंधित असा एक विरळा लसिका-कर्करोगही त्या यादीत आहे.

तेव्हा शस्त्रवैद्यासमोर बसलेल्या स्त्रीने पहिला प्रश्न "किती मोठे?" असा न विचारता, "माझ्या शरीराला किती पेलेल, आणि वीस वर्षांनी त्याचे काय होईल?" असा विचारणे हिताचे. तिच्या ऊतींची मापे घेऊन, उत्तरादाखल ती तिला समजावून सांगणारा, आणि प्रसंगी "याहून मोठे नको" असे स्पष्ट बजावणारा शस्त्रवैद्यच तिच्या विश्वासास पात्र होय. आणि सर्व ऐकून घेतल्यावर शस्त्रक्रिया नकोच असे तिने ठरविले, तर तोही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णयच ठरतो.