कातीव वस्तूंचे फोटो कसे काढावेत?



आपल्या घरात जरा नजर फिरवा. आईचे लाटणे, ताक घुसळायची रवी, पलंगाचे गोल पाय, धाकट्याचा भोवरा. ह्या सगळ्या वस्तू अशा गोल कशा झाल्या? तर त्या कातून केलेल्या आहेत. लाकडाचा तुकडा दोन टोकांना पक्का धरायचा, गरगर फिरवायचा आणि फिरत्या लाकडाला धारदार हत्यार लावायचे. जेवढा भाग बाहेर आलेला असेल तेवढा छिलला जातो आणि लाकूड गोल होते. हे काम करणाऱ्याला कातारी म्हणतात आणि अशा वस्तूला कातीव वस्तू. पूर्वी एकजण दोरी मागेपुढे ओढून लाकूड फिरवायचा आणि दुसरा हत्यार धरायचा. आता बहुतेक ठिकाणी विजेची मोटर असते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणची रंगीत खेळणीही अशीच कातलेली असतात. तिथे फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घासल्यामुळे उष्णता निर्माण होते, लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात.

आता कोणी म्हणेल, लाटण्याचा फोटो कशाला काढायचा? वस्तू झिजते, मोडते, कधी चुलीतही जाते. हाताने कातणारे कारागीर कमी होत चालले आहेत. बाजारात यंत्रावर केलेली एकसारखी लाटणी आणि प्लॅस्टिकचे भोवरे मिळतात. कारागिराच्या हाताची खूण म्हणजे लाकडावर उमटलेली हत्याराची बारीक वलये. फोटो कसाही काढला तर ही वलये दिसतच नाहीत. मग हाताची वस्तू आणि कारखान्याची वस्तू सारखीच वाटते. म्हणून फोटो नीट काढायला शिकले पाहिजे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, घरातला मोबाइल पुरतो.

१) उजेड बाजूने घ्या. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅश समोरून पडतो, त्यामुळे सावल्या पुसल्या जातात आणि गोल वस्तू चपटी दिसते. वस्तू खिडकीजवळ अशी ठेवा की उजेड एका बाजूने येईल. मग एक बाजू उजळ, दुसरी अंधारी आणि मधे हळूहळू बदलणारा रंग दिसतो. ह्यामुळेच डोळ्यांना गोलपणा कळतो. वलयांच्या छोट्या सावल्याही उठून दिसतात.

२) अंधारी बाजू फार काळी वाटली, तर तिकडे वहीचा कोरा पांढरा कागद उभा धरा. कागदावर पडलेला उजेड परत वस्तूवर येतो.

३) लाखेच्या चकचकीत वस्तूत खिडकीचा पांढरा ठिपका दिसतो. आपण आरशाने भिंतीवर कवडसा पाडतो ना, तोच हा नियम. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. म्हणून आपण थोडे डावी-उजवीकडे सरकायचे, की ठिपका जागा बदलतो. फारच चमकत असेल तर खिडकीवर जुने पांढरे धोतर किंवा पातळ ओढणी टाकावी. उजेड मऊ होतो.

४) मागे पसारा नको. एक मोठा कागद भिंतीला टेकवून तसाच खाली टेबलावर आणा, मधे घडी घालू नका. मग भिंत आणि टेबल यांतली रेघ दिसत नाही. फिकट लाकडाला गडद कागद, गडद लाकडाला फिकट कागद.

५) मोबाइल वस्तूच्या उंचीवर आणा. उभ्याने वरून फोटो काढला तर भोवऱ्याची आर दिसत नाही. फार जवळही जाऊ नका. जवळून काढले की पुढचा भाग फुगल्यासारखा दिसतो. दोन-तीन हात मागे सरका आणि जास्तीचा भाग नंतर कापून टाका.

६) हात हलला की फोटो पुसट येतो. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा.

७) एक फोटो पुरत नाही. एक बाजूने, एक वरून, एक वलयांचा जवळून. एका फोटोत शेजारी आगपेटी ठेवा, म्हणजे पाहणाऱ्याला आकाराचा अंदाज येतो.

८) वस्तूला चीर असेल तर ती लपवू नका. फोटो पाहून कोणी वस्तू विकत घेतली आणि हातात चिरलेली आली, तर त्याचा कारागिरावरचा विश्वास जातो.

फोटो भिंतीवर लावताना खाली लिहा: वस्तूचे नाव, लाकूड कोणते, उंची किती, कशासाठी वापरतात. ज्यांनी केली त्यांना आधी विचारा, आणि ते हो म्हणाले तर त्यांचे नावही लिहा. चित्राखाली चित्रकाराचे नाव असते, मग लाटण्याखाली कातारीकाकांचे का नको?

हे काम चिकाटीचे आहे. पण चिकाटी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. दादासाहेब फाळके १८७० साली आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. त्याआधी १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढताना दिवसेंदिवस थोडेथोडे चित्रण केले. घरातली साधी कुंडीच, पण तीच पाहून लोकांना त्यांच्या कलेची खात्री पटली. साधी वस्तूसुद्धा लक्ष देऊन पाहिली तर दाखवण्यासारखी असते.

पालकहो, तुमच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळची रवी किंवा पाळण्याचा कातीव खांब असेल तर कृपा करून टाकून देऊ नका. मुलांना एक दिवस खिडकीजवळ ठेवू द्या. आणि मित्रांनो, सकाळचे कोवळे ऊन खिडकीत आले की लागा कामाला!